समाजशास्त्राची पीएचडी सोडल्यावर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पीएचडीला प्रवेश कसा मिळवावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. नोंदणी रद्द केल्यावर काय होते, हे सहसा कोणी सांगत नाही. मुंबईतील समाजशास्त्राची माझी नोंदणी रद्द होऊन काही महिने झाले असल्याने आता थोड्या शांतपणे लिहिता येईल.

माझा विषय बीडीडी चाळींचा (मुंबईतील ब्रिटिशकाळात बांधलेल्या जुन्या सरकारी चाळी) पुनर्विकास आणि शेजारसंबंध हा होता. नायगावला फिल्डवर्क करताना १६० चौरस फुटांच्या खोल्यांची दारे दिवसभर उघडी असत, आणि समोरासमोरच्या घरांतील बोलणे मधल्या पॅसेजमधून चालत असे. ५०० चौरस फुटांच्या नव्या घराची सर्वांनाच ओढ होती, तरी एका आजींनी मला विचारले होते, "तिकडे दार लावून घ्यायचं, मग कोण आजारी पडलं ते कळणार कसं?" माझ्या सिनॉप्सिसमधील, म्हणजे संशोधन आराखड्यातील, कोणत्याही संशोधन-प्रश्नापेक्षा हा प्रश्न नेमका होता.

अभ्यासाचा कंटाळा कधीच आला नाही. थकवले ते वाट पाहण्याने. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, आणि प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. म्हणजे विद्यार्थ्याला मुदत आहे, पण दिलेले प्रकरण वाचून परत करण्याची मुदत गाईडला नाही. माझे दुसरे प्रकरण 'सैद्धांतिक चौकट पक्की करा' एवढ्याच शेऱ्यासह पुन्हा पुन्हा परत आले, आणि ती चौकट कोणती, हे शेवटपर्यंत कळले नाही. याच नियमांनी एम.फिल. ही पीएचडीच्या आधीची संशोधन पदवी बंद केल्यामुळे मध्ये उतरायला स्थानकही उरलेले नाही. सोडणाऱ्याच्या हातात पदवी म्हणून काहीच पडत नाही.

सध्या मी एका संस्थेत शहरी घरांविषयीच्या मुलाखती घेते आणि अहवाल लिहिते. अहवाल वाचले जातात, त्यावर भांडणेही होतात, आणि मला ती भांडणे आवडतात. फिल्डवर्कचे शिक्षण रोज उपयोगी पडते. मात्र ग्रंथालयाचे लॉगिन बंद होताच परदेशी नियतकालिके आवाक्याबाहेर गेली, आणि या नुकसानाची भरपाई अद्याप सापडलेली नाही. फेलोशिपही थांबली, पण ती वेळेवर क्वचितच येत असल्याने तिच्याविना महिना काढण्याची सवय आधीच झाली होती. "डॉक्टर कधी होणार?" हा नातेवाइकांचा प्रश्न अजून लग्नकार्यात भेटतो.

अध्यापनात जायचे असेल, तर हिशेब वेगळा आहे. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरेशी आहे, पीएचडी ऐच्छिक आहे; सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी मात्र ती लागतेच. तासिका तत्त्वावरची, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर शिकवण्याची, वर्षे डोळ्यांसमोर ठेवूनच हा निर्णय घ्यावा. आणि नोंदणी रद्द करण्याच्या अर्जासोबतच कोर्सवर्कची (पीएचडीच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाची) गुणपत्रिका मागून घ्यावी, कारण 'नो ड्यूज'वर, म्हणजे काही देणे बाकी नसल्याच्या दाखल्यावर, सही झाल्यानंतर आपल्या कागदपत्रांविषयी विभागाला फारसा उत्साह उरत नाही.