सात महिने कॅसलव्हेनिया : गेम अवघड आहेच, पण निम्मा दोष त्याचा नव्हता

गेल्या आठवड्यात कंट्रोलर सर्व्हिसहून परत आला. सोबतच्या कागदावर एकच ओळ : ‘सर्व बटणे तपासली, दोष आढळला नाही.’ बटणं चालतात हे मलाही ठाऊक होतं. माझी तक्रार अशी होती की डी-पॅडवर, म्हणजे दिशांच्या बटणावर, उजवीकडे दाबलं की मधूनच ‘वर’सुद्धा लागतं. ही तक्रार मी तीनदा लिहून दिली, व्हिडिओ काढून पाठवला, फोनवर दोन वेगवेगळ्या माणसांना पहिल्यापासून सांगितली. सतरा दिवस वस्तू त्यांच्याकडे पडून राहिली आणि गेली तशीच परत आली. वर ने-आणीचा खर्च माझ्याच माथी.

दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये मी हे चालवून घेतलं असतं. कॅसलव्हेनियात चालत नाही. इथे ‘वर’ आणि फटक्याचं बटण एकत्र लागलं की सायमन, म्हणजे आपण खेळवतो तो नायक, चाबूक मारत नाही, हातातलं दुसरं हत्यार फेकतो आणि त्यापायी एक हार्ट जातं. इथे हार्ट म्हणजे जीव नव्हे, फेकायच्या हत्यारांचा साठा. जिन्याच्या पायथ्याशी असलात तर नुसत्या ‘वर’ने तो जिना चढू लागतो, आणि जिन्यावर त्याला उडी मारता येत नाही. साधी मेणबत्ती फोडायला जावं आणि होली वॉटरची बाटली भिरकावली जावी, असं एका संध्याकाळी माझ्याकडून अकरा वेळा झालं. अकरा हार्ट म्हणजे या गेममध्ये थोडीथोडकी गोष्ट नाही.

हा राग मनात होता म्हणूनच लिहायला बसले. पण लिहिताना लक्षात आलं की ‘हा गेम नेमका किती अवघड’ या प्रश्नाचं माझं उत्तर सात महिन्यांत तीनदा बदललं, आणि दोन वेळा ते बदलायचं कारण गेमच्या बाहेर होतं. तेव्हा सगळंच सांगते.

मी खेळते तो पहिला, १९८६ सालचा. जपानमध्ये तो फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेमयंत्राच्या डिस्क सिस्टिमवर आला तेव्हा त्यात सेव्ह करायची सोय होती. पुढच्या वर्षी अमेरिकेत कार्ट्रिज आलं त्यात ती गेली. तरी कंटिन्यू हवे तितके मिळतात, आणि ‘फार क्रूर गेम’ म्हणणारे ही गोष्ट नेमकी विसरतात. तीन लाइफ संपल्या तर तीन-तीन स्टेजच्या त्या ब्लॉकच्या सुरुवातीला जायचं, बस. पूर्ण गेम पुन्हा खेळायला कोणी लावत नाही. ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ एकदा संपवला की खरा शेवट बघायला तोच गेम पहिल्यापासून परत संपवावा लागतो. त्याच्यापुढे हा गेम सभ्य आहे.

पहिल्या महिन्यात माझं मत होतं की उडीच चुकीची आहे. सायमनने एकदा पाय उचलला की हवेत दिशा बदलता येत नाही. कडेवरून नुसतं चालत खाली गेलात तर दगडासारखा सरळ पडतो. चाबूकही लगेच लागत नाही, आधी हात मागे जातो, मग फटका पुढे येतो, आणि जमिनीवर असाल तर तेवढा वेळ पाय थांबलेले. हे सगळं मला जुन्या तंत्राची मर्यादा वाटायचं. आता वाटत नाही. उडी कायम तेवढीच उंच आणि तेवढीच लांब पडते, म्हणून ती पाठ होते. महिनाभराने मी पडद्याकडे बघून ‘इथून मारली तर तिसऱ्या विटेवर’ असं सांगू शकत होते. हवेत वळता आलं असतं तर प्रत्येक उडी थोडी वेगळी पडली असती आणि इतकं बिनचूक काहीच पाठ झालं नसतं.

दुसऱ्या महिन्यात मी स्टेज १० वर अडकले. खाली पाणी, हलत्या फळ्या, लाटेसारखी उडत येणारी वटवाघळं, पाण्यातून उसळणारे मासेमानव आणि वरून खाली लोंबणारे दगड, ज्यांच्याखाली फळीवर बसून राहावं लागतं. इथे मी माझ्या मरणांची नोंद ठेवायला लागले. वहीत दोन रकाने केले, एक ‘मार’, दुसरा ‘खड्डा’. महिन्याच्या शेवटी ‘खड्डा’ निम्म्याच्या कितीतरी पुढे गेला होता.

माझ्या मते कॅसलव्हेनियाचा खरा प्रश्न हाच, आणि त्यावर मी तासभर बोलू शकते : धक्का. सायमनला काहीही लागलं की तो मागे उडतो. त्याची ताकद १६ खणांची. सुरुवातीच्या स्टेजमध्ये एका फटक्याला २ खण जातात, शेवटाकडे ४. सगळे जण या आकड्यांवरच बोलतात, आठ फटक्यांत मरायचा तो चार फटक्यांत मरू लागतो वगैरे. पण पाण्यावरच्या फळीवर उभं असताना १६ खण भरलेले आहेत की दोनच उरलेत याने काय फरक पडतो? वटवाघूळ नुसतं शिवतं, सायमन मागे उडतो आणि पाण्यात जातो. भरलेली ताकद तशीच भरलेली राहते आणि लाइफ गेलेली असते. मार किती बसला हे त्या क्षणी मोजावंच लागत नाही.

धक्क्याला एकच अपवाद आहे आणि तो मला खूप उशिरा कळला. जिन्यावर असताना मार बसला तर सायमन जागचा हलत नाही. खण जातात, पण तो उडत नाही. हे कळल्यावर मी जिन्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. एखादी जागा नकोशी वाटली तर आधी जवळचा जिना शोधायचा.

धक्का हीच मुख्य अडचण आहे हे बनवणाऱ्यांनाही पटलं असावं. १९९३ साली जपानमध्ये हाच गेम कार्ट्रिजवर पुन्हा निघाला आणि त्यात सोपा मोड दिला. त्या मोडमध्ये मार लागला तरी सायमन मागे फेकला जात नाही. हे वाचलं तेव्हा माझी वही शेजारीच पडली होती, आणि मला मनापासून बरं वाटलं.

तर दुसऱ्या महिन्याअखेर माझं मत पक्कं झालं होतं : गेम अन्यायी आहे, कारण वटवाघूळ दिसल्यावर चाबूक मारायला पुरेसा वेळच मिळत नाही. तेवढ्यात धाकटा भाऊ आला. पाच मिनिटं खेळला आणि म्हणाला, “ताई, टीव्हीचा गेम मोड लावलेला नाहीस का?”

मी म्हटलं, “त्याने काय होतंय? रंग फिके दिसतात म्हणून बंद केलाय.”

“रंगांचं राहू दे. मी बटण दाबल्यावर तो हात उचलतोय कधी ते बघ.”

मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढला. एका चौकटीत अंगठा आणि पडदा दोन्ही येतील असा मोबाइल पुस्तकांना टेकवून ठेवला. बटण पूर्ण दाबलं गेल्यापासून सायमन हलेपर्यंत ४१ फ्रेम. म्हणजे जवळजवळ १७० मिलिसेकंद. गेम मोड लावून परत मोजल्या, २० फ्रेम, ८० च्या आसपास. दोन्ही आकडे पाच-पाच वेळा मोजले, एखाद्या फ्रेमचा फरक आला. मूळ गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, तेव्हा माझा टीव्ही दर वेळी पाचेक फ्रेम उगाच खात होता. हा गेम बनला तेव्हा घरोघरी काचेच्या नळीचे टीव्ही होते आणि त्यांच्यात असा उशीर जवळपास नसायचाच. चाबकाला मुळात थोडा वेळ लागतोच, त्यात या पाच फ्रेमची भर. मी दोन महिने हा उशीर गेमच्या नावावर लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी स्टेज १० तिसऱ्या प्रयत्नात पार झालं. म्हणून ‘अन्यायी’ हा शब्द मी मागे घेते. ज्यांना ज्यांना तो फोनवर ऐकवला होता त्यांनाही कळवलंय.

मेड्युसा, ममी, फ्रँकेन्स्टाइन या मोठ्या शत्रूंबद्दल सांगण्यासारखं फार नाही. होली वॉटर टिकवून नेलं की जमतं. सगळा जीव खातो तो स्टेज १५, ग्रिम रीपर, म्हणजे विळेवाला मृत्यू, या मोठ्या शत्रूच्या आधीचा लांब दालनाचा रस्ता. माझे तिसरा ते सहावा असे चार महिने इथे गेले.

आणि इथे माझा धक्क्याचा सिद्धांत लंगडा पडतो, हे मान्य करायला हवं. या रस्त्यावर पडायला खड्डाच नाही. इथे खरोखर मार खाऊनच मरतात, चार फटक्यांत. चिलखत घातलेला कुऱ्हाडवाला समोर उभा असतो, कधी डोक्याच्या उंचीवर कुऱ्हाड फेकतो, कधी पायाच्या. वरची आली तर बसायचं, खालची आली तर उडी. एवढंच असतं तर कोणीही शिकेल. पण त्याच वेळी मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वर-खाली होत येत राहतात, आणि ती संपत नाहीत. कुऱ्हाडीसाठी उडी घ्यावी तर मुंडकं नेमकं वर आलेलं असतं. मुंडकं टाळायला थांबावं तर कुऱ्हाडवाला दोन पावलं पुढे. त्याला पाडायला चाबकाचे कित्येक फटके लागतात, आणि प्रत्येक फटक्याला पाय थांबलेले. मग धक्का बसतो, आपण मागे जातो, आणि मोठ्या कष्टाने मिळवलेली जागा परत त्याच्या ताब्यात.

त्यात मरण आलं की वाटेत लांब झालेला चाबूक पुन्हा आखूड, हातातलं हत्यार गेलं, हार्ट पाचावर. गेमची सगळ्यात कठोर गोष्ट मला हीच वाटते. ज्या जागेला सगळ्यात जास्त साधनं लागतात त्या जागी दुसऱ्यांदा येताना हात रिकामा असतो. आणि रीपरशी हरलात तर परत याच रस्त्याच्या तोंडाशी. शेवटचा शत्रू ड्रॅक्युला याच्या मानाने दयाळू आहे. त्याच्याशी हरलं तर जिन्याच्या पायथ्यापासून लगेच पुन्हा जाता येतं, म्हणून त्याचं टेलिपोर्ट आणि तीन आगीचे गोळे दोन संध्याकाळींत अंगवळणी पडले.

रीपरवरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. तिहेरी फेकीचं होली वॉटर घेऊन, न मरता, त्याच्यापर्यंत पोहोचायचं. बाटल्या एकामागून एक पडत राहिल्या की तो जागच्या जागी थिजतो आणि त्याचे विळे सुटतच नाहीत. सगळा खेळ हार्ट वाचवून नेण्याचा आहे. आता पहिल्या परिच्छेदातला कंट्रोलर आठवा. त्या रस्त्यावर उजवं-डावं करताना मधूनच ‘वर’ लागत होतं, आणि रीपरसाठी जपलेल्या बाटल्या माझ्या नकळत मुंडक्यांवर फुटत होत्या. दारापर्यंत पोहोचायची तेव्हा हार्ट चार किंवा पाच उरलेली असायची.

सेव्ह स्टेटबद्दल, म्हणजे हव्या त्या क्षणी खेळ जसाच्या तसा जतन करण्याबद्दल, लोक भांडतात, म्हणून माझं सांगून टाकते. कॅसलव्हेनियाच्या जुन्या गेमच्या २०१९ च्या संग्रहात ती सोय आहे आणि रीपरच्या दाराशी सेव्ह करून मी भरपूर सराव केला. सराव म्हणून ती उत्तम आहे. पण तशी मिळवलेली जीत मी वहीत लिहिली नाही. तो रस्ता पार करून आल्याशिवाय रीपरशी लढणं ही वेगळीच लढाई आहे, हात थरथरत नाहीत.

दोष नाही म्हणून कंट्रोलर परत आल्यावर नवीन घ्यायचा असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मला ते पटेना. एका दिशेपायी अख्खी चालती वस्तू टाकून द्यायची? स्क्रू काढून उघडला. डी-पॅडखाली रबराची चकती असते, तिच्या पोटाला चार काळे ठिपके, आणि ते सर्किटच्या पाटीवरच्या काळ्या पट्ट्यांना टेकले की दिशा लागते. रबर बसून सैल झालं होतं, त्यामुळे अंगठा जरा तिरका पडला तरी शेजारचा ठिपका टेकत होता. पाटी कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. मग ‘वर’च्या पट्टीच्या बाहेरच्या कडेवर पारदर्शक चिकटपट्टीचा भाताच्या शिताएवढा तुकडा लावला, म्हणजे तिथे टेकायला जरा जास्त दाब लागेल. वीस मिनिटांचं काम. सतरा दिवसांत त्यांना हे सुचू नये याचा राग अजून जात नाही. उघडला म्हणून वॉरंटी गेली असेल तर जाऊ दे, तिचा उपयोग काय झाला ते बघितलंच.

त्या रात्री स्टेज १३ पासून बसले. रीपरच्या दाराशी पोहोचले तेव्हा हार्ट एकोणीस होती. पहिली बाटली पडली, तो थिजला, आणि शेवटचा खण जाईपर्यंत हलला नाही. वहीत तारीख घातली. त्यानंतर गेम अजून दोनदा पूर्ण झालाय, एकदा तर स्टेज १५ मध्ये एकही लाइफ न घालवता.

गेम अवघड आहे का, असं विचारणाऱ्यांना मी आता आधी टीव्हीचा गेम मोड लावायला सांगते आणि मग एक चाचणी करायला. कुठलंही हत्यार उचला, डी-पॅडची उजवी दिशा धरून ठेवा आणि पन्नास वेळा चाबूक मारा. वरचा हार्टचा आकडा जरासुद्धा कमी होता कामा नये. चिकटपट्टी लावायच्या आधी माझी पन्नासात चार जात होती. काल पुन्हा मोजली, एकही गेलं नाही.