मायक्रोटिक राउटरवर दोन लाइनींचं फेलओव्हर (एक गेली की आपोआप दुसरी), आठ महिने वापरल्यावर

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात हा राउटर लावून आठ महिने झाले. मेन लाइन फायबर, बॅकअपला दुसऱ्या कंपनीचं फोरजी. घेताना असा अनुभव कुठे वाचायला मिळाला नव्हता म्हणून सविस्तर लिहितोय.

जुन्या राउटरलाही दोन वॅन पोर्ट (बाहेरची इंटरनेट लाइन जोडायची जागा) होते, पण तो फक्त केबल लागलीय का एवढंच बघायचा. पावसाळ्यात खोदकामात फायबर तुटली, ओएनटी (फायबर जिथे जोडतात तो कंपनीचा डबा) मात्र चालू, पोर्टवर हिरवा दिवा, म्हणजे त्याच्या लेखी लाइन ठीक, आणि इकडे गेटवर तीन गाड्या भरून उभ्या, ई-वे बिल निघेना, ड्रायव्हर वैतागलेले. शेवटी मी जाऊन हाताने केबल उपटली तेव्हा कुठे फोरजी लागलं. त्या दिवशी कळलं की बॅकअप लाइन घेणं सोपं आहे, मेन लाइन मेलीय हे ओळखणं अवघड.

आता रिकर्सिव्ह राउट लावलाय, म्हणजे पिंग (लाइन जिवंत आहे का विचारणारं छोटं पॅकेट) इंटरनेट कंपनीच्या गेटवेला, म्हणजे तिच्या पहिल्या राउटरला, न जाता त्याच्याही पुढे ८.८.८.८ ला, गूगलच्या डीएनएस सर्व्हरला, जातो. दर १० सेकंदांनी पिंग, लागोपाठ दोन चुकले की फायबरचा राउट बंद. बीएफडी नावाचा प्रोटोकॉल हेच काम सेकंदाच्या आत करतं पण त्याला पलीकडचा राउटरही तसा सेट केलेला लागतो, आमच्या साध्या ब्रॉडबँडवर ते कुठून मिळणार.

एक गोष्ट नीट वाचा, माझे दोन तास गेलेत यात. ८.८.८.८ चा रस्ता फायबरवरच बांधून ठेवावा लागतो, नाहीतर फोरजीवरून उत्तर येतं आणि राउटरला वाटतं फायबर आली. पण आमच्या सगळ्या पीसींना डीएनएसही (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) तोच दिलेला, आणि त्याचा रस्ता बांधलेला मेलेल्या फायबरवर! लाइन गेली, फोरजी लागलं, आणि एक साइट उघडेल तर शपथ. आता पीसींना डीएनएस राउटरचा, राउटरला पुढे विचारायला वेगळा डीएनएस, आणि लाइन तपासायला दोन पत्ते, कारण एकच ठेवला आणि तोच गप्प बसला तर चांगली लाइन उगाच सोडली जाते.

आयपी फोनचंही तसंच, जुनं कनेक्शन राउटरच्या टेबलमध्ये तसंच पडून राहतं आणि फोन त्यावरच पॅकेट पाठवत बसतो, म्हणून लाइन बदलली की ती कनेक्शनं पुसणारी स्क्रिप्ट टाकली. परत येतानाही घाई नको. फायबर जोडताना लाइन येते-जाते आणि दर वेळी आमचा पुण्याचा व्हीपीएन (तिकडच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) तुटायचा, आता सलग ५ मिनिटं उत्तर आलं तरच मेन लाइनवर.

फोरजीचा अँटेना खिडकीत लावा, पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल नाहीच. ओएनटीला यूपीएस द्या.

आणि टेस्ट करताना राउटरची केबल काढू नका, ओएनटीची हिरव्या टोकाची फायबर काढा, खरा बिघाड तसाच असतो. मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत काढतो. गेल्या वेळी २४ सेकंद लागले. डिस्पॅचच्या ताईंनी संध्याकाळी विचारलं, "आज टेस्ट नाही का केली?"