पदवीचा मुख्य विषय म्हणून अर्थशास्त्र: एक परीक्षण

अर्थशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाविषयी तक्रार करायची झाल्यास ती आशयाविषयी नव्हे, तर क्रमाविषयी करावी लागेल. कारण या विषयाचा सर्वांत कसदार भाग सहसा शेवटी येतो आणि तोपर्यंत बऱ्याच विद्यार्थ्यांचे त्याबद्दलचे मत पक्के झालेले असते.

सुरुवात सूक्ष्मलक्षी, म्हणजे ग्राहक आणि उद्योगसंस्था यांच्या निर्णयांचा अभ्यास करणाऱ्या, अर्थशास्त्राने होते. मागणी, पुरवठा, लवचिकता, समवृत्ती वक्र आणि पूर्ण स्पर्धा हे सारे नेटके, तर्कशुद्ध आणि शिकवायला सोयीचे आहे. त्यातील काही कल्पना खरोखर दृष्टी बदलतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो याने 1817 मध्ये मांडलेले उदाहरण पाहा: इंग्लंडपेक्षा पोर्तुगालला कापड आणि मद्य दोन्ही कमी श्रमात बनवता येत असूनही, पोर्तुगालने मद्यावर भर देऊन कापड इंग्लंडकडून घेणे दोघांनाही फायद्याचे ठरते, कारण पोर्तुगालची आघाडी मद्यात अधिक मोठी आहे. हे एकदा नीट उमगले की व्यापारावरची निम्मी भाषणे वेगळी ऐकू येतात. मात्र परीक्षेत गुण मिळतात ते आकृती बिनचूक काढण्याला. आकृतीमागची गृहीतके कधी मोडतात, हे विचारणारा प्रश्न क्वचितच येतो.

याचा परिणाम किमान वेतनाच्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. पहिल्या वर्षाची आकृती सांगते की समतोल पातळीपेक्षा (जिथे कामगारांची मागणी आणि पुरवठा जुळतात) वेतन वर नेले की बेरोजगारी वाढणारच. अर्थमितीच्या, म्हणजे आर्थिक दावे आकडेवारीवर तपासून पाहण्याच्या, वर्गात मात्र डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा 1994 चा शोधनिबंध समोर येतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने 1992 मध्ये किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलरवर नेले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते बदलले नाही. दोन्हीकडच्या 410 फास्ट फूड उपाहारगृहांची आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहिल्यावर या दोघांना रोजगार घटल्याचे आढळले नाही. पुढे डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांच्या आधारे या निष्कर्षाला आव्हान दिले आणि मूळ लेखकांनी त्याला उत्तरही दिले. तुलनेसाठी योग्य गट कोणता, माहिती कशी गोळा केली, सहसंबंधाला कार्यकारणभाव कधी म्हणता येईल, या प्रश्नांशी झगडताना विद्यार्थी पहिल्यांदा अर्थशास्त्रज्ञासारखा विचार करू लागतो. हे प्रकरण पहिल्याच सत्रात, त्या आकृतीच्या शेजारी का ठेवले जात नाही, हे मला आजवर समजलेले नाही.

समग्रलक्षी, म्हणजे संपूर्ण अर्थव्यवस्थेचा विचार करणाऱ्या, भागाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. राष्ट्रीय उत्पन्न, चलनवाढ आणि व्याजदर यांचे परस्परसंबंध उपयुक्त असले, तरी बँका आणि कर्जे यांना पाठ्यक्रमात दीर्घकाळ दुय्यम स्थान होते आणि 2008 च्या वित्तीय संकटाने ही उणीव उघडी पाडली. त्यानंतर काही पाठ्यपुस्तके सुधारली, हे मान्य करायला हवे. आर्थिक विचारांचा इतिहास मात्र बहुतेक ठिकाणी ऐच्छिक विषयांत ढकललेला असतो.

शेअर बाजारातील गुंतवणूक किंवा हिशेबनिशी शिकण्याच्या अपेक्षेने येणाऱ्यांनी वाणिज्य शाखेकडे जावे. गणिताची भीती असलेल्यांना निदान कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र टाळता येणार नाही. ज्यांना पुढे संशोधनाकडे वळायचे आहे, त्यांना एवढ्यावरही भागणार नाही. रेषीय बीजगणित आणि शक्य झाल्यास वास्तव विश्लेषण (कॅल्क्युलसची काटेकोर, सिद्धतांवर आधारलेली मांडणी) हे विषय गणित विभागातून स्वतंत्रपणे घ्यावे लागतात, आणि ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी बहुधा कोणी सांगत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी पाठ्यक्रम मागवून अर्थमितीचा विषय अनिवार्य आहे की नाही, आणि त्यात खऱ्या आकडेवारीवर संगणकावर काम करावे लागते की केवळ सूत्रे सिद्ध करावी लागतात, एवढे तपासावे. दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर ही पदवी मी निःशंकपणे सुचवेन. नसतील, तर संख्याशास्त्र हा मुख्य आणि अर्थशास्त्र हा दुय्यम विषय घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.