२२१ हॉर्सपॉवरचा कागद

माझी माझदा मियाटा, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, १९९४ ची. १.८ लिटर इंजिन, कंपनीतून निघाली तेव्हा १२८ हॉर्सपॉवर. शनिवारी सकाळी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटजवळच्या डोंगरातल्या वळणांवर न्यायची, एवढंच तिचं काम. पण चढावर एखादी व्हॅन मागे येऊन चिकटली की पिकअपअभावी जीव चडफडायचा. त्या चडफडीचे मी ४,८०० डॉलर मोजले.

इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवणाऱ्या दुकानदाराला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, इंजिन टिकेल ना? म्हणाला, "सात पीएसआयच्या वर जाणारच नाही. तुझं कॉम्प्रेशन ९ ला १ आहे, टर्बोला उत्तमच." पीएसआय हे टर्बोच्या जादा दाबाचं, म्हणजे बूस्टचं, माप; कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडर मिश्रण किती पट दाबतो ते. कॉम्प्रेशनचा आकडा खरा होता, म्हणून बाकीचंही मी खरं धरलं.

काम झाल्यावर त्याने डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद दिला : चाकांवर २२१ हॉर्सपॉवर. मी तो फ्रिजवर लावला. बायको म्हणाली, "मुलांची चित्रं काढून हे लावलंस?"

आज तो कागद बघताना दिसतं की त्यावर ताकदीची रेघ तेवढी आहे. बूस्ट किती होता, लिहिलेलं नाही. हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आलेख छापताना गाळलाय. आणि खरी गोम तिथेच होती. टर्बो जादा हवा कोंबतो, तर पेट्रोलही त्याच मापात वाढायला हवं. बूस्टमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर साधारण साडेअकरा-बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल ठेवतात. पेट्रोल कमी पडलं की सिलिंडर तापतो, आणि ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक भडकतं. हेच नॉकिंग. त्यात कॅलिफोर्नियात पंपावरचं प्रीमियमही ९१ ऑक्टेनचंच, म्हणजे नॉकिंग रोखायला बेताचंच.

अडीच महिने मी हवेत होतो, हे कबूल करतो. काय पळायची! मग ऑगस्टच्या उन्हात एका चढावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. पुढच्या आठवड्यात गाडी मिसिंग मारायला लागली, मागे निळा धूर. सिलिंडरमधला कॉम्प्रेशनचा दाब तपासला तर तीन सिलिंडर १७० पीएसआयच्या आसपास आणि चौथा ६५. दुकानदार म्हणाला, तू रेव्ह जास्त केलेस, म्हणजे इंजिन फार जोरात फिरवलंस.

हेड खोललं माझ्या मावसभावाने. कोल्हापूरला वडिलांच्या गॅरेजात वाढलेला पोरगा. चौथ्या पिस्टनचा रिंगा बसतात तो काठच तुटला होता. मग त्याने पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून हातात दिले. "दादा, हे मूळचेच हायत की! बिलात नवीन मोठे लिवलंय न्हवं?" जुन्याच इंजेक्टरांना पेट्रोलचा दाब वाढवून भागवलं होतं. बूस्टचा स्क्रू पिळलेला होता. सातचा करार, गेज लावून पाहिलं तर बारा. सातवर २२१ चा आकडा निघालाच नसता, आणि कागदावर आकडा दिसल्याशिवाय मी खूश झालो नसतो, हे दुकानदाराने बरोबर ओळखलं.

दुसरी फसवणूक स्टिकरची. कॅलिफोर्नियात असा जोडभाग रस्त्यावर चालवायचा तर हवाप्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. दुकानदाराने बॉनेटखाली स्टिकर चिकटवलं, मी मान डोलावली. पुढे मंडळाच्या वेबसाइटवर तो क्रमांक टाकला तर दुसऱ्याच गाडीचा एअर फिल्टर निघाला. दर दोन वर्षांनी होणाऱ्या स्मॉग तपासणीत धूर कितीही स्वच्छ असला तरी नुसतं बॉनेट उघडून नापास केलं असतं. हे शोधायला मला दोन मिनिटं लागली, फक्त पैसे दिल्यानंतर.

इथे काम देतानाच सांगितलं तर काढलेले जुने भाग दुकानाला परत द्यावे लागतात. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर चार जुने इंजेक्टर कुठून आणून दिले असते त्याने?

आता स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, दावा टाकलाय. तिथे १२,५०० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय भांडता येतं. बिलावर "नवीन इंजेक्टर, ४ नग" असं त्याच्याच अक्षरात आहे. फ्रिजवरचा कागदही त्याच फायलीत गेला. तिथे परत मुलांची चित्रं आली आहेत.