चांगलं वागणं कुठल्या गेममध्ये मोजलं जातं? डोटा, ओव्हरवॉच, लीग, काउंटर-स्ट्राइक आणि बीजीएमआय

माझी मावसबहीण गोव्यात साखळीला असते. बारावी झाली, घरात नवा पीसी आला आणि पहिल्याच रविवारी तिचा फोन: "ताई, कुठला गेम सुरू करू? पण लोक घाण बोलायला लागले तर आई दुसऱ्या दिवशी बंद करायला लावणार." ग्राफिक्स कुणाचे चांगले, हिरो (म्हणजे आपण खेळतो ती पात्रं) कुठले सोपे, यावरचे ढीगभर व्हिडिओ तिने बघून झाले होते. अनोळखी माणसांबरोबर खेळायला बसलं की ती माणसं कशी निघतात, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी फोंड्याला राहते आणि गेली आठ-नऊ वर्षं खेळतेय. आमचा पाच जणांचा गट आहे, पण एक वेर्ण्याला रात्रपाळीत, एक म्हापशाला दुकानात, एकीला लहान बाळ. पाचही जण एका वेळी जमतात ते महिन्यातून एखाद-दोनदा. बाकीच्या रात्री दोन-तीन जागा अनोळखी लोकांनी भरतात. त्यामुळे टीममेटला शाबासकी किंवा तक्रार देण्याची व्यवस्था हा माझ्यासाठी गेमचा मुख्य भाग आहे. एकट्याने मॅच शोधणाऱ्या प्रत्येकाने गेम निवडताना आधी ती बघावी असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे जत्रेच्या नाटकात एखादं पद रंगलं की प्रेक्षकांतून बक्षीस येतं आणि देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारतात. नटाला बरं वाटतं. पण पुढच्या वर्षी त्याला कुठली भूमिका मिळणार, हे तालमीला तो कसा वागला त्यावर ठरतं. गेममधल्या शाबासकीचेही हेच दोन प्रकार आहेत. एक नुसती पुकारली जाते. दुसरी, पुढच्या मॅचला तुम्हाला कुणाशेजारी बसवायचं ते ठरवते. कुठलाही गेम घेताना आधी हे विचारा: मी दिलेली शाबासकी पुढे जाते कुठे?

या कसोटीला सगळ्यात जास्त उतरतो तो डोटा २, पाच-पाच जणांच्या दोन टीमचा गेम. इथे मॅच संपली की टीममेटला चार कारणांसाठी कमेंड, म्हणजे शाबासकी, देता येतं: मैत्रीने वागला, चुका पोटात घातल्या, शिकवलं, नेतृत्व केलं. यातलं दुसरं कारण मला फार मोलाचं वाटतं. बहुतेक गेम चांगलं खेळणाऱ्याची पाठ थोपटतात, इथे माफ करणाऱ्याचीही थोपटतात. शिवाय प्रत्येकाचा एक वागणुकीचा स्कोअर असतो. पूर्वी तो १०,००० पर्यंत जायचा, २०२३ मध्ये मर्यादा १२,००० झाली आणि बोलण्याचा स्कोअर वेगळा काढला. म्हणजे खेळताना नीट वागणारा पण चॅटवर तोंड सोडणारा माणूस आता वेगळा ओळखू येतो. ठरावीक मॅचनंतर अहवाल येतो: कमेंड किती, रिपोर्ट किती, अर्ध्यात टाकलेल्या मॅच किती. आणि मॅचमेकिंग, म्हणजे मॅचसाठी खेळाडू जुळवणारी यंत्रणा, सारख्या स्कोअरची माणसं एकत्र आणायचा प्रयत्न करतं. स्कोअर घसरत गेला की चॅट, व्हॉइस, रँक्ड (क्रमवारीसाठीच्या मॅच) अशी एकेक दारं बंद होतात.

मॅच अर्ध्यात सोडणाऱ्याला लो प्रायॉरिटीत, म्हणजे शिक्षेच्या वेगळ्या रांगेत, टाकतात. तिथे फक्त सिंगल ड्राफ्ट खेळता येतो, मोजक्या हिरोंमधून एक उचलायचा, आणि ठरलेल्या मॅच जिंकल्याशिवाय सुटका नाही. नुसता वेळ काढून भागत नाही, चार रुसलेल्या माणसांना घेऊन जिंकावं लागतं. शिक्षा म्हणून मला ती योग्य वाटते.

गेल्या पावसाळ्यातली एक मॅच सांगते. मी सपोर्ट, म्हणजे बाकीच्यांना सांभाळणारी, होते. दोनदा चुकीच्या जागी वॉर्ड (शत्रू येताना दाखवणारी टेहळणीची खूण) लावला आणि आमचा मिडवाला, म्हणजे मधली वाट सांभाळणारा, त्यापायी दोनदा मेला. आता बोलणी बसणार म्हणून मी हात म्यूटच्या बटणावर नेला. त्याने काहीच लिहिलं नाही. नकाशावर नदीकाठच्या एका उंचवट्यावर दोनदा पिंग केलं, म्हणजे टिचकी मारून जागा दाखवली, बस. मी तिथे वॉर्ड लावला, आणि दोन मिनिटांनी अंगावर येणारे तिघे आम्हाला आधीच दिसले. मॅच आम्ही हरलो. तो कुठला, कुठली भाषा बोलतो, काही कळलं नाही. मी त्याला शिकवल्याबद्दल कमेंड दिलं, त्याचंही मला आलं. घरी आम्ही कोकणी बोलतो, वाचतो-लिहितो मराठीत आणि व्हॉइस चॅटवर हिंदी चालते. पण चांगुलपणा ओळखायला त्या दिवशी यातली एकही भाषा लागली नाही. म्हणून माणसाने माणसाला दिलेल्या शाबासकीवर माझा विश्वास जास्त आहे. शब्द पकडणाऱ्या गाळण्यांचा माझा अनुभव वेगळा आहे: इंग्रजी शिवीला तारे लागतात आणि रोमन लिपीतली हिंदी शिवी जशीच्या तशी समोर येते.

डोटाची दुसरी बाजूही सांगायला हवी. हरलेली टीम पुष्कळदा सपोर्टवर राग काढते आणि रिपोर्ट तिकडेच जातात. एकदा स्कोअर खाली गेला की भोवती तसलीच माणसं मिळतात आणि वर यायला दम लागतो. मॅच संपताना "कमेंड प्लीज" म्हणून मागणारेही भेटतात. शिवाय गेम शिकायलाच महिने जातात. रँक्डसाठी १०० तास खेळलेले असावे लागतात.

ओव्हरवॉच या नेमबाजीच्या गेमने एन्डॉर्समेंट, म्हणजे त्यांची शाबासकी, आणली जून २०१८ मध्ये. आधी तीन कारणं होती: नीट सूचना देणारा, चांगला टीममेट, खिलाडूवृत्ती. २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आला तेव्हा ती एकच करून टाकली. पातळी १ ते ५, आणि ती टिकवावी लागते, मिळणं थांबलं की उतरते. सुरुवातीच्या दिवसांत कंपनीने आकडे जाहीर केले होते: शिवीगाळीचं चॅट असलेल्या मॅच अमेरिका खंडात २६.४ टक्क्यांनी आणि कोरियात १६.४ टक्क्यांनी कमी झाल्या. नुसतं "कुणीतरी बघतंय, कुणीतरी दाद देणार आहे" एवढ्यानेही माणूस जीभ आवरतो, हे त्यातून दिसतं. मला तीन कारणं एक केल्याचं वाईट वाटतं. "तू सूचना छान दिल्यास" आणि "तू चांगला आहेस" यात फरक आहे. पहिल्या वाक्याने माणसाला उद्या काय करायचं ते कळतं. तरीही दिवसाला दोन-तीन छोट्या मॅच खेळायच्या आणि झोपायचं, अशा माणसाला ही व्यवस्था पुरते. डोटाची मॅच सहज चाळीस मिनिटं चालते, इथे एखादा नकोसा माणूस भेटला तरी थोड्या वेळात सुटका होते.

लीग ऑफ लेजंड्स या डोटासारख्याच गेमचा ऑनर, म्हणजे तिथली शाबासकी, २०१२ चा, म्हणजे या मांडणीतला जुना. त्याच्याही आधी, २०११ मध्ये, तिथे ट्रायब्युनल होतं: रिपोर्ट झालेल्या खेळाडूचं चॅट इतर खेळाडू वाचायचे आणि शिक्षा द्यायची का यावर मत द्यायचे. २०१४ मध्ये ते थांबलं. पंचायतीसारखी ती पद्धत मला आजही आवडते, कारण काय सहन करायचं आणि काय नाही हे खेळणाऱ्यांनी स्वतः ठरवलं. २०१७ मध्ये ऑनरची पुनर्रचना झाली. तेव्हा पातळ्या ० ते ५ ठरल्या, सुरुवात २ पासून, शिक्षा झाली की खाली. वरच्या पातळीवर बक्षिसं मिळतात, आणि पातळी फार खाली असेल तर सीझनअखेरच्या रँक्ड बक्षिसांवर पाणी सोडावं लागतं. डोटाशी तुलना केली तर इथे शाबासकीचं फळ मुख्यतः वस्तूंच्या रूपात मिळतं. स्किन (पात्राचं नवं रूप) मिळवायची हौस असलेल्या मुलांना ते नीट वागायला लावतं, आणि ते काही कमी नाही.

काउंटर-स्ट्राइक या बंदुकींच्या गेममध्ये कमेंडची तीन कारणं आहेत, मैत्री, शिकवण, नेतृत्व, आणि त्यांचे आकडे प्रोफाइलवर दिसतात. पण खरी सूत्रं ट्रस्ट फॅक्टरकडे, म्हणजे तुमच्यावर किती भरवसा ठेवायचा याच्या हिशोबाकडे. तो २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आला. तो तुम्हाला दिसत नाही. तुम्ही किती काळ खेळता, फसवणुकीचे रिपोर्ट किती, स्टीमच्या (गेम विकत घेण्याच्या ऑनलाइन दुकानाच्या) खात्यावर इतर गेममध्ये किती वेळ जातो, अशा गोष्टी त्यात धरतात. लपवण्यामागचा हेतू समजतो: सूत्र कळलं की लोक त्याला चुकवतात. दिसणाऱ्या कमेंडचं तसंच झालं, पैसे घेऊन बॉटकडून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांकडून, कमेंड मिळवून देणारे निघाले, आणि तो आकडा बघून कुणाची पारख करण्यात अर्थ उरला नाही. पण आपण सुधारतोय की घसरतोय हे स्वतःलाच कळू नये, ही नव्या खेळाडूची मोठी अडचण आहे. मी तरी नवख्याला हा गेम आधी सुचवणार नाही.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. भारतात तो जुलै २०२१ मध्ये आला, वर्षभराने बंद झाला, मे २०२३ मध्ये परतला. त्यात मेरिट, म्हणजे वागणुकीचे गुण, असतं: साथीदाराला मारलं, मॅचमध्ये नुसते उभे राहिलात तर ते उतरतं, आणि फार खाली गेलं तर टीममध्ये खेळता येत नाही. मॅचनंतर लाइक देता येतं. एवढंच. पण बीजीएमआय बहुतेक जण आपल्याच वर्गातल्या, वाड्यावरच्या चौघांबरोबर खेळतात. तिथे वाईट वागणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तोंड दाखवायचं असतं.

कन्सोल घ्यायचा विचार असेल तर दोनच गोष्टी. एक्सबॉक्सने २०१३ मध्ये खेळाडूंच्या तीन पायऱ्या केल्या आणि सगळ्यात खालच्यांना शक्यतो एकमेकांतच खेळवायचं ठरवलं. प्लेस्टेशन ५ ने २०२० मध्ये अ‍ॅकोलेड्स, म्हणजे शाबासकीचे बिल्ले, आणले, मदत करणारा, सामावून घेणारा, खिलाडू, आणि २०२२ मध्ये वापर होत नाही म्हणून काढून टाकले. त्या शाबासकीने पुढच्या मॅचमध्ये काहीच बदलत नव्हतं. लोक ती द्यायची विसरले यात मला नवल वाटत नाही.

आता पावसाचं. गोव्यात राहून गेम निवडताना हे धरावंच लागतं. जुलैत रात्री साडेनऊला, एका गेममध्ये, निकालाची घडी असताना आमची लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब होती, राउटर नव्हता. फोनचा हॉटस्पॉट लावून, आईने धरलेल्या टॉर्चच्या उजेडात लॅपटॉप जोडेपर्यंत मॅच सोडल्याची नोंद झाली होती. लाइट गेली आणि मी रागाने उठून गेले, यातला फरक कुठल्याच गेमला कळत नाही. परत यायला किती वेळ मिळतो, ते आधी बघून ठेवा. डोटात तुटलेलं कनेक्शन पाच मिनिटांत जोडलं तर मॅच सोडली असं धरत नाहीत. पाच मिनिटांत हॉटस्पॉट जमतो. जमवायचा सराव मात्र आधी करून ठेवा.

तर बहिणीला मी डोटा सांगितला. कारण तिला एकटीने खेळायचंय, रोज खेळायचंय, आणि नीट वागल्याचा हिशोब जिथे पुढच्या मॅचपर्यंत पोचतो असा पाचांतला तो एकच मला स्वच्छ दिसतो. ती आठवड्यातून दोनदाच बसणार असती तर ओव्हरवॉच सांगितला असता, आणि शाळेच्या मैत्रिणींबरोबर खेळणार असती तर बीजीएमआयवर थांबवलं असतं.

सोबत तीन अटी घातल्या. पहिल्या वीस मॅच माझ्याबरोबर. माइक बंद, पिंग चालू. आणि प्रत्येक मॅचनंतर, हरलो तरी, कमेंड द्यायला एक माणूस शोधायचा. तिने त्यात स्वतःची चौथी घातली: राउटरसाठी छोटा यूपीएस. तो मंगळवारी येतोय. तोपर्यंत ती बॉटबरोबर, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळाडूंबरोबर, खेळून वॉर्ड कुठे लावायचे ते शिकतेय.