गान हशलोशाचा टॉवर अन् कुंपण: इस्रायलला गेलात तर नक्की बघा

सगळे गान हशलोशा ह्या झऱ्यांच्या पार्कात पोहायला जातात, पाणी वर्षभर साधारण 28 डिग्री असतं म्हणून, पण तिथंच बाजूला 1936 च्या वसाहतीची लाकडी प्रतिकृती उभी केलीये ती बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. 10 डिसेंबर 1936 ला तेल अमाल, म्हणजे आताचं नीर डेव्हिड, ह्याच ‘टॉवर अन् कुंपण’ पद्धतीनं उभं राहिलं, एका दिवसात! भिंत नीट जवळ जाऊन बघा, दोन फळ्यांच्या मधे खडी भरलेली, गोळी आरपार जाऊ नये म्हणून, आणि मधोमध सर्चलाइटचा टॉवर.

मला खरा इंटरेस्ट होता तो नोत्रिममधे. पॅलेस्टाईनमधे ब्रिटिश राजवटीविरुद्ध अरब उठाव पेटल्यावर ब्रिटिशांनी उभे केलेले ज्यू सहायक पोलीस. अशा वसाहतींच्या पहाऱ्याला हेच लोक, हातात सरकारी रायफल, आणि त्यातले बरेचजण गुपचूप हगानाचे, म्हणजे ज्यूंच्या भूमिगत सशस्त्र संघटनेचे, जी सरकारच्या लेखी बेकायदा! म्हणजे ट्रेनिंग आणि हत्यारं ब्रिटिशांची, फायदा हगानाचा. 1938 मधे ब्रिटिश अधिकारी विंगेटच्या नाइट स्क्वॉड्समधे, म्हणजे रात्री छापे घालणाऱ्या तुकड्यांमधे, नोत्रिम पण होते, हाच नैनितालला जन्मलेला विंगेट पुढे बर्मात चिंडिट्स नावाची फौज घेऊन लढला.

त्या स्क्वॉड्सनी अरब गावांत फार क्रूरपणा केला, तेही वाचून जा प्लीज, नुसती शौर्यगाथा समजून फिरलात तर अर्धंच कळेल. शनिवार टाळा, पिकनिकवाल्यांची तुफान गर्दी असते. माझ्याकडून पाचपैकी पाच.