पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: घरी उतरवावा की गाडीच गॅरेजला द्यावी?

दिवे घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग दणका बसतो. वॉरंटी संपलेल्या ऑटोमॅटिक पिकअपमध्ये हे सुरू झालं की मालकापुढे दोन पर्याय राहतात: गाडी गॅरेजला देणं, किंवा गिअरबॉक्स घरी उतरवून तेवढाच दुरुस्तीला पाठवणं. बॉक्स घरीच खोलण्याचा विचार इथे धरलेला नाही. क्लच पॅकच्या (आतल्या क्लच प्लेटच्या गठ्ठ्याच्या) फटी मोजणं, स्प्रिंग दाबायला प्रेस लावणं, हवेच्या दाबाने पिस्टन तपासणं हे स्वच्छ टेबलावरचं काम आहे, पार्किंगमधलं नाही.

त्याआधी बॉक्स खरंच खाली घ्यायला हवा का, ते ठरवा. ऑइलची पातळी बघा, स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचा, मग पॅन (बॉक्सखालचं ऑइलचं तबक) उघडा. त्यातल्या मॅग्नेटवर करडा, बारीक लगदा असणं नेहमीचं आहे. धातूच्या चकचकीत कपच्या किंवा क्लच प्लेटचे काळे तुकडे दिसले, ऑइलला जळका वास आला, तर बॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. फक्त सोलेनॉइडचा (ऑइलचा रस्ता उघडझाप करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) कोड असेल तर थांबा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड आणि ते ज्यावर बसतात ती व्हॉल्व्ह बॉडी पॅनमधूनच निघतात. एका सोलेनॉइडसाठी अख्खा बॉक्स उतरवणं म्हणजे दोन दिवस फुकट.

उतरवायचा ठरला, तर पहिला प्रश्न हत्यारांचा नाही, जमिनीचा आहे. गॅरेजमध्ये टू-पोस्ट लिफ्टवर गाडी डोक्यावर जाते आणि उभा ट्रान्समिशन जॅक खाली सरकतो. घरी चारही कोपरे जॅक स्टँडवर घ्यावे लागतात, तेही इतके वर की जॅकवर ठेवलेला बॉक्स बेल हाउसिंगसकट (इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या घंटेसारख्या भागासकट) चॅसिसखालून बाहेर निघेल. त्यासाठी साधारण 55 ते 60 सेंटिमीटर मोकळी जागा लागते. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत अडचण नेमकी इथे येते. पेव्हर ब्लॉकवर स्टँडचे पाय खचतात, उतारावर गाडी सरकते, आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये पिकअप फूटभर उचलला की टप बीमला टेकतो. सपाट काँक्रीट आणि वर पुरेशी उंची नसेल तर घरच्या पर्यायावर तिथेच फुली मारा. पेव्हर ब्लॉकवर फळी टाकून भागवू, हा विचार गाडीखाली झोपणाऱ्याच्या जिवावर बेततो.

दुसरा प्रश्न वजनाचा. पिकअपचा ऑटोमॅटिक बॉक्स टॉर्क कन्व्हर्टरसकट (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत बॉक्सला देणाऱ्या गोल डब्यासकट) 80 ते 100 किलोच्या घरात असतो. 4x4 असेल तर मागे ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) आणि पुढचा प्रोपेलर शाफ्टही (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आला. साध्या ट्रॉली जॅकच्या छोट्या वाटीवर एवढा बॉक्स कलंडतो. साखळीने बांधता येणारा बुटका ट्रान्समिशन जॅक, किंवा निदान जॅकवर बसणारी रुंद प्लेट लागतेच. गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, 60 ते 90 सेंटिमीटरचं एक्स्टेंशन आणि लवचीक जॉइंट हेही हवं, कारण बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट मागून, बॉक्सच्या डोक्यावरूनच निघतात. ही हत्यारं बोहरी आळीत मिळतात, सील आणि माउंटिंग नाना पेठेत. जॅक एकदाच लागणार असेल तर विकत घेण्याआधी भाड्याने मिळतो का, ते विचारा.

काम दोन्हीकडे सारखंच आहे. बॅटरीची मायनस काढायची, ऑइल सोडायचं, प्रोपेलरच्या दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करायची (नाहीतर जोडल्यावर गाडी थरथरते), मग कूलरच्या नळ्या, शिफ्ट केबल, कनेक्टर आणि सेल्फ काढायचा. चुका होतात त्या पुढच्या तीन ठिकाणी.

पॅन रिकामा केला तरी सगळं ऑइल निघत नाही. तीन ते पाच लिटर येतं, उरलेलं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. प्रोपेलर ओढताच मागच्या टोकातूनही धार लागू शकते, म्हणून तिथे पिशवी बांधून ठेवा.

क्रॉस मेंबर (बॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी) काढला की इंजिन मागे झुकतं. पंखा काउलला (भोवतीच्या कव्हरला) घासतो, होज ताणतात. बॉक्स जॅकवर घेण्याआधीच इंजिनाच्या ऑइल पॅनखाली रुंद लाकडी ठोकळा आणि दुसरा जॅक द्यायचा.

आणि कन्व्हर्टर. फ्लेक्स प्लेटचे (कन्व्हर्टरला इंजिनाशी जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने फिरवत एकेक करून काढायचे आणि प्लेटवर खूण करायची. कन्व्हर्टर बॉक्सबरोबरच बाहेर आला पाहिजे. तो क्रँककडे राहिला आणि बॉक्स तसाच ओढला, तर पंपाचं सील आणि बुश जातात. बोल्ट निघाल्यावर कन्व्हर्टर मागे ढकला आणि बेल हाउसिंगवर पट्टी बांधून अडवा. बसवताना तो फिरवत आत ढकलायचा. दोन-तीन वेळा खट्ट होऊन तो पंपात बसतो. मग बेल हाउसिंग ब्लॉकला हाताने टेकली पाहिजे आणि कन्व्हर्टर व प्लेटमध्ये काही मिलिमीटर फट उरली पाहिजे. टेकत नसेल तर बोल्टने ओढू नका. पहिल्यांदाच करणाऱ्याचा नवा पंप फुटतो तो इथेच. लिफ्टवर बॉक्स सरळ रेषेत आणणं सोपं असल्यामुळे गॅरेजमध्ये हा धोका बराच कमी असतो.

घरी उतरवल्याने वाचते ती काढण्या-बसवण्याची मजुरी आणि टोइंग. टोइंग ही छोटी गोष्ट नाही. ऑटोमॅटिकचा पंप इंजिन चालू असतानाच फिरतो, त्यामुळे बंद गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेडच बोलवावा लागतो.

गमावता ते मात्र जास्त महत्त्वाचं आहे. सुटा बॉक्स हातात आल्यावर कारागिराला गाडी चालवून दोष ओळखता येत नाही. वायरिंग किंवा इंजिनाच्या सेन्सरमधला बिघाड असेल तर दुरुस्त बॉक्स बसवूनही तक्रार तशीच राहते. शिवाय बसवणारा दुसरा असेल तर दुरुस्तीची हमी मिळेल का, हे बॉक्स सोडण्याआधी लिहून घ्यावं लागतं. कूलर नीट फ्लश केला नाही तर जुन्या कपच्या नव्या बॉक्समध्ये जातात, आणि मग हमीवरून वाद होतो.

म्हणून आमचं मत असं: 4x4 असेल, जमीन पेव्हर ब्लॉकची असेल किंवा दोष अजून नक्की कळला नसेल, तर गाडी फ्लॅटबेडवरून गॅरेजला द्या. 4x2 (फक्त मागच्या चाकांना ताकद) आहे, स्वतःचं काँक्रीटचं आवार आहे, मदतीला दुसरा माणूस आहे, आठवडाभर गाडी उभी राहिली तरी चालेल आणि पॅनमध्ये तुकडे स्पष्ट दिसले आहेत, तर घरी उतरवा. उतरवल्याच दिवशी क्रँकचं मागचं ऑइल सील आणि फ्लेक्स प्लेटला तडे आहेत का, ते बघा. बसवताना मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑइल घ्या, कन्व्हर्टरमध्ये लिटरभर आधीच ओता, आणि शेवटची पातळी ऑइल सांगितलेल्या तापमानाला आल्यावर, इंजिन चालू ठेवूनच तपासा.